फुकटचे वायफाय : भीती कोठे आणि धोका कोठे?

‘फुकट ते पौष्टिक’ असे आपल्याकडे गमतीने म्हणतात. वायफायच्या बाबतीत मात्र नेमका उलटा उपदेश ऐकू येतो. वर्तमानपत्रांतील सदरे, बँकांकडून येणारे संदेश, पोलिसांची भित्तिपत्रके आणि सायबर सुरक्षेवरील व्याख्याने या सर्वांचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे, की सार्वजनिक ठिकाणचे फुकट वायफाय वापरू नका. उपदेश सोपा आहे. ज्यांच्या घरी वायफाय आहे, किंवा ज्यांच्या फोनमध्ये रोजचा डेटा रोज उरतो, त्यांना तो पाळणेही सोपे आहे. ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नाही त्यांनी काय करावे, याचे उत्तर मात्र त्या उपदेशात नाही.

आमच्या घरातून महाविद्यालयापर्यंत आलेली मी पहिलीच. घरी फोन दोन. एक वडिलांचा साधा, बटणांचा. दुसरा माझा, आणि त्यावर धाकट्या भावाचाही अभ्यास चालतो. मजुरीचे पैसे हाती येईपर्यंत रिचार्ज कधी चार-आठ दिवस लांबते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत मात्र आपल्यासाठी लांबत नाही. (लांबते, पण ती लांबणार की नाही हे शेवटच्या दिवशी कळते.) महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर तो अर्ज भरताना आधार क्रमांक, जातीचा दाखला, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या खात्याचा तपशील, असे घरचे सगळे कागद एकामागून एक द्यावे लागतात. आमच्या कुटुंबाची जेवढी म्हणून सरकारदरबारी ओळख आहे ती सगळी त्या एका खात्यात साठलेली असते. आणि हा अर्ज आमच्यापैकी कित्येक जण रेल्वे फलाटावरच्या बाकावर, स्टँडवर किंवा वाचनकक्षात बसून, तेथल्या वायफायवर भरतात. अशांना ‘वापरू नका’ एवढेच सांगणे म्हणजे विहिरीला कठडा नाही म्हणून पाणीच पिऊ नका, असे सांगण्यासारखे आहे. कठडा कोणत्या बाजूला बांधलेला आहे आणि कोणती बाजू उघडी आहे, हे कोणी तरी सांगावयास हवे.

प्रस्तुत लेखात तेच पाहण्याचा प्रयत्न केला आहे. मी इतिहास विषयाची विद्यार्थिनी. यंत्रविद्येचा माझा अभ्यास नाही. परंतु या विषयालाही इतिहास आहे, आणि तो वाचल्यावर माझे असे मत झाले आहे, की ज्या खिडकीकडे पाहून आपण भितो ती बव्हंशी बंद झालेली आहे आणि चोर ज्या दारातून खरोखर येतो तिकडे आपले लक्षच नाही.

आपल्या रेल्वेस्थानकांवरील फुकट वायफायची सुरुवात जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकापासून झाली. रेलटेल ही रेल्वेचीच कंपनी आणि गूगल यांनी मिळून ते सुरू केले. २०१८ पर्यंत अशी ४०० स्थानके झाली. २०२० मध्ये गूगलने अंग काढून घेतले, तरी रेलटेलने काम चालूच ठेवले आणि लहानसहान स्थानकांपर्यंत वायफाय नेले. २०२१ मध्ये पैसे भरून अधिक वेळ वापरण्याच्या योजना आल्या. पहिला अर्धा तास मात्र फुकट ठेवण्यात आला. दरम्यान डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ ही योजना मंजूर केली. किराणा दुकानदारालाही आपल्या दुकानातून वायफाय देता यावे, असा तिचा हेतू. म्हणजे शासन एका हाताने वायफाय वाटते आणि दुसऱ्या हाताने सावधगिरीची पत्रके वाटते! दोन्ही हात खरे आहेत, म्हणून तर विषय समजून घेणे भाग आहे.

वायफाय म्हणजे तारेविना चालणारी दवंडी होय. राउटर नावाच्या पेटीतून आणि आपल्या फोनमधून रेडिओलहरी निघतात त्या चोहोकडे पसरतात. फलाटावरील शंभर फोनांपैकी प्रत्येकाच्या अंगावरून त्या जातात. ज्याचा निरोप त्याने उचलावा व इतरांनी सोडून द्यावा, असा केवळ संकेत आहे. संकेत पाळावयाचा नाही असे एखाद्याने ठरविले, तर योग्य ते साधन वापरून तो दुसऱ्याचे निरोपही टिपू शकतो. घरच्या वायफायला पासवर्ड असतो व त्यामुळे हे निरोप हवेतच गुप्त भाषेत जातात. स्थानकावरचे वायफाय बहुधा उघडे असते, तेथे ही सोय नसते. सार्वजनिक वायफायविषयीची सारी भीती या एका गोष्टीतून जन्मली, आणि एके काळी ती अगदी रास्त होती.

किती रास्त होती, हे ऑक्टोबर २०१० मध्ये जगाला दिसले. अमेरिकेतील सॅन दिएगो येथील एका परिषदेत एरिक बटलर या तरुण प्रोग्रामरने ‘फायरशीप’ नावाची एक लहानशी सोय सर्वांसाठी खुली केली. ती ब्राउझरला जोडली, की त्याच उघड्या वायफायवर बसलेल्या इतरांची फेसबुकसारखी खाती छायाचित्रांसह समोर दिसू लागत. त्यावर टिचकी मारली, की ते खाते आपलेच असल्यासारखे उघडे. पासवर्ड लागत नसे. हे कसे होत असे ते समजण्यासाठी जुन्या बँकेतील पितळी बिल्ल्याची आठवण करावी. पूर्वी धनादेश दिला, सही पटली, की कारकून एक क्रमांकाचा बिल्ला हाती देई. पुढे रोखपालाच्या खिडकीवर सही कोणी पाहत नसे. ज्याच्या हाती बिल्ला त्याला पैसे. संकेतस्थळेही असाच बिल्ला देतात, त्याला कुकी म्हणतात. त्या काळी बहुतेक संकेतस्थळे पासवर्ड विचारतानाचे बोलणे तेवढे गुप्त ठेवीत आणि नंतर हा बिल्ला हवेतून उघडाच नेत-आणत. फायरशीप तो बिल्ला टिपत असे. बटलरने हे चोरी करण्यासाठी केले नव्हते. मोठ्या कंपन्यांना हा दोष ठाऊक असून त्या तो दूर करीत नाहीत, हे त्याला चारचौघांत दाखवावयाचे होते. मार्ग बरा की वाईट यावर वाद झाला. परिणाम मात्र झाला. जीमेलने त्याच वर्षी जानेवारीत सर्व पत्रव्यवहार गुप्त भाषेत नेण्यास आरंभ केलेलाच होता. फेसबुकने २०१३ पर्यंत तो सर्वांना लागू केला.

ही गुप्त भाषा म्हणजेच पत्त्याच्या आरंभी दिसणारी ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे. तिची कल्पना यावी म्हणून मला आपल्या गोंधळ्यांची करपल्लवी आठवते. गोंधळात एक गोंधळी प्रेक्षकाने कानात सांगितलेले नाव हातांच्या खुणांनी दूर उभ्या असलेल्या साथीदाराला कळवितो आणि साथीदार ते नाव मोठ्याने सांगून सर्वांना चकित करतो. गंमत अशी, की खुणा सर्वांदेखत होतात. लपविलेले काहीच नसते. कळते मात्र दोघांनाच. एचटीटीपीएसचेही तसेच. फलाटावरचा चोर माझ्या फोनच्या लहरी खुशाल टिपू दे, त्याला हातांची हालचाल दिसेल, अर्थ लागणार नाही.

फरक एवढाच, की गोंधळ्यांनी आपल्या खुणा आधी एकांतात ठरविलेल्या असतात. माझा फोन आणि महाडीबीटीचे यंत्र यांची तर कधीच गाठ पडलेली नाही. मग त्यांनी खुणा ठरवावयाच्या कोठे? चारचौघांच्या देखत? हा पेच शतकानुशतके सुटत नव्हता, म्हणूनच राजेरजवाड्यांना सांकेतिक पत्राची किल्ली आधी विश्वासू जासुदाच्या हाती पाठवावी लागे. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी तो सोडविल्याचे प्रसिद्ध केले. त्यांची युक्ती गणिती आहे, पण रांगोळीच्या रंगांवरून तिचा अदमास येतो. दोघींनी एक रंग सर्वांसमक्ष ठरविला. प्रत्येकीने त्यात आपला एक गुप्त रंग मिसळला आणि ते मिश्रण दुसरीकडे उघडपणे पाठविले. आलेल्या मिश्रणात प्रत्येकीने पुन्हा आपला गुप्त रंग मिसळला. आता दोघींकडे तंतोतंत एकच छटा तयार झाली, आणि बघणाऱ्याला ती करता येत नाही, कारण मिसळलेली रांगोळी पुन्हा निवडता येत नाही. माझा फोन संकेतस्थळाशी बोलू लागतो तेव्हा दर वेळी अशी नवी छटा क्षणार्धात तयार होते. मला तरी यंत्रविद्येतील ही सर्वांत सुंदर कल्पना वाटली.

कल्पना १९७६ ची असली तरी ती तुमच्या-आमच्यापर्यंत येण्यास चाळीस वर्षे लागली, यात खर्च हे एक मोठे कारण होते. संकेतस्थळाला आपली ओळख पटविण्यासाठी प्रमाणपत्र विकत घ्यावे लागे. डिसेंबर २०१५ पासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेने ती सर्वांना फुकट देण्यास सुरुवात केली. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर एचटीटीपीएस नसलेल्या प्रत्येक पानावर ‘असुरक्षित’ असा शिक्का मारू लागला. लहान संस्थांनाही मग तिकडे वळावे लागले. मध्यंतरी २०१७ मध्ये बेल्जियममधील मॅथी व्हॅनहूफ या संशोधकाने पासवर्ड असलेल्या वायफायच्या गुप्त भाषेतही एक दोष शोधून काढला आणि मोठी खळबळ उडाली. परंतु वरून एचटीटीपीएसचे दुसरे वेष्टन असल्याने जेवढी हानी व्हावयाची भीती होती तेवढी झाली नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही आपल्या नागरिकांना सांगितले, की या गुप्त भाषेचा प्रसार झाल्यामुळे सार्वजनिक वायफाय जोडणे आता सामान्यतः सुरक्षित आहे. आपल्याकडची पत्रके मात्र बहुतांशी २०१० सालीच उभी आहेत.

येथवर वाचून कोणी निर्धास्त होईल, तर ते योग्य नव्हे. करपल्लवीने बोलणे गुप्त राहते; समोर उभा असलेला साथीदार खरा की सोंग, हे ती सांगत नाही. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी पूर्वी कुलपाचे चित्र दिसे. लोक समजत, कुलूप आहे म्हणजे संकेतस्थळ प्रामाणिक आहे. वास्तविक भामट्यालाही आपल्या बनावट पानासाठी प्रमाणपत्र मिळते आणि कुलूप त्याच्याही दाराला लागते. हा गैरसमज एवढा पसरला, की सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ते कुलूपच काढून टाकले व त्या जागी दुसरे साधे चिन्ह ठेवले. याचा अर्थ असा, की पत्ता अक्षर न् अक्षर वाचण्याचे काम आपल्याकडेच उरले आहे.

आता ते दार पाहू, ज्याकडे आपले लक्ष नसते. ते म्हणजे वायफायचे नाव.

हे तपासण्यासाठी आम्ही तिघी मैत्रिणींनी वाचनकक्षात एक प्रयोग केला. ग्रंथपाल सरांना आधी सांगितले होते, आणि फोन आमचेच तीन होते. दोन फोनांवर हॉटस्पॉट सुरू केला, दोन्हींचा पासवर्ड काढून टाकला आणि दोघांना एकच नाव दिले. तिसऱ्या फोनवर यादी उघडली. तीत ते नाव एकदाच दिसले. दोन पेट्या आहेत, दोघांचे मालक निराळे आहेत, याचा मागमूसही नाही. तिसरा फोन जोडला. तो कोणाला जोडला गेला हे पडद्यावरून कळण्यास मार्ग नव्हता. मग एक हॉटस्पॉट बंद केला. काही क्षणांत तिसरा फोन काहीही न विचारता दुसऱ्याला जाऊन मिळाला. तीन जुने फोन, शून्य रुपये खर्च आणि दहा मिनिटे! फोन फक्त नावाची पाटी वाचतो. पाटी कोणी लावली याची चौकशी तो करीत नाही. शिवाय एकदा जोडलेले नाव तो लक्षात ठेवतो आणि पुढे कोठेही तेच नाव दिसले, की आपल्या खिशातल्या खिशात जोडला जातो.

याला इंग्रजीत ‘दुष्ट जुळा’ अशा अर्थाचे नाव आहे. हे केवळ प्रयोगापुरते नाही. एप्रिल २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका देशांतर्गत विमानात कर्मचाऱ्यांना एक संशयास्पद वायफाय दिसले. पुढे तेथील केंद्रीय पोलिसांनी एका प्रवाशाच्या सामानातून हातात मावेल असे वायफायचे यंत्र जप्त केले व त्याच्यावर आरोप ठेवले. पर्थ, मेलबर्न आणि अ‍ॅडलेड येथील विमानतळांवरही त्याने असाच खोटा वायफाय उभा केला होता, असे तपासात पुढे आले. या प्रकरणात माझ्या दृष्टीने सर्वांत बोधक गोष्ट ही, की हवेतले निरोप टिपण्याची खटपट मुख्य नव्हतीच. वायफाय जोडताच एक पान उघडे व ‘आपल्या ईमेलने किंवा समाजमाध्यमाच्या खात्याने आत या’ असे सांगे. लोक आपल्या हाताने पासवर्ड लिहून देत. कुलूप फोडावे लागले नाही. घरमालकानेच किल्ली दिली.

आपल्याकडे या पानाची गोष्ट आणखी निराळी आहे, आणि तिचा उगम मुंबईशी निगडित आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्याच्या थोडे आधी प्रसारमाध्यमांना एक धमकीचा ईमेल आला. माग काढता तो नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरातील वायफायवरून गेल्याचे निघाले. त्या गृहस्थाचा कटाशी संबंध नव्हता. कोणी तरी त्याचे वायफाय वापरले होते. ऑगस्टमध्ये असाच ईमेल मुंबईतील एका महाविद्यालयाच्या, आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीच्या जोडणीवरून गेला. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांना सूचना दिल्या, की वायफाय वापरणाऱ्या प्रत्येकाची नोंद झाली पाहिजे. स्थानकावर किंवा उपाहारगृहात वायफाय जोडताच आपला मोबाईल क्रमांक आणि ओटीपी मागितला जातो, तो यामुळे.

नियम योग्य कारणासाठी झाला, यात शंका नाही. परंतु त्याने आपल्याला एक सवय लावली, ती म्हणजे कोणतेही पान पुढे आले आणि त्याने क्रमांक मागितला, की द्यावा; ओटीपी आला, की भरावा. भामट्याला याहून सोयीची सवय कोणती? समजा, स्टँडवर कोणी खोटे वायफाय उभे केले. त्याच्या पानावर मी माझा क्रमांक लिहिला. तो भामटा त्याच क्षणी माझा क्रमांक दुसऱ्याच एखाद्या सेवेत टाकतो. उदाहरणार्थ, माझे व्हॉट्सअ‍ॅप आपल्या फोनवर सुरू करावयास जातो. मला ओटीपी येतो, तो व्हॉट्सअ‍ॅपचा. मी समजते वायफायचा. गाडी सुटावयाची घाई, सहा आकडे तेवढे पाहिले आणि त्याच्या पानावर भरले, की खाते त्याच्या हाती गेले. म्हणून ओटीपीचे आकडे पाहण्याआधी संदेशातील शब्द वाचले पाहिजेत, तो कोणी पाठविला आणि कशासाठी. वायफायसाठी आलेल्या संदेशात दुसऱ्या कशाचेही नाव असता कामा नये. या एका गोष्टीची मला इतर सर्व सूचनांपेक्षा अधिक किंमत वाटते, आणि नेमकी तीच मला कोणत्याही भित्तिपत्रकावर आढळली नाही.

माझ्या एका वर्गमैत्रिणीला अशाच एका पानाने फसविले. अर्जाच्या गर्दीच्या दिवसांत एका बसस्थानकावर तिने दिसेल ते फुकट वायफाय जोडले आणि पान म्हणाले म्हणून जीमेलचा पासवर्ड भरला. दोन दिवसांनी तिचे ईमेल खाते तिलाच उघडेना. दहावीपासूनच्या गुणपत्रिका आणि दाखल्यांच्या प्रती तिने त्यात साठविल्या होत्या. सुदैवाने शिष्यवृत्तीचे खाते मोबाईल क्रमांकावर असल्याने ते वाचले. पण तहसील कचेरीच्या चार खेपा झाल्या, आणि एका खेपेला तिच्या आईची एक दिवसाची मजुरी बुडाली. लाखाची लूट झाली तरच तिला गुन्हा म्हणतात असे नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे (कलम ६६ क) व संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसविणे (कलम ६६ ड) यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे; पैसे पुढे सरकण्यापूर्वी ते अडविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

येथे थोडे विषयांतर करते. वायफायच्या भीतीने आमच्यापैकी अनेक जण अर्ज भरण्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात जातात. दुकानदार भला माणूस असतो. तो आपल्या संगणकावर सगळे करून देतो, खाते उघडतो, पासवर्ड तोच ठरवितो आणि विद्यार्थी विसरतात म्हणून एका वहीत उतरवून ठेवतो. एका दुकानात मी ती वही गिऱ्हाइकांच्या गर्दीत टेबलावर उघडी पडलेली पाहिली आहे. नाव, आधार क्रमांक, पासवर्ड, सारे एका ओळीत! हवेतील चोराला भिऊन आपण येथे येतो, हे पाहून हसावे की रडावे कळत नाही. परक्या संगणकावर आपण कोणती कळ दाबली हे नोंदवून ठेवणारा प्रोग्राम असू शकतो आणि त्यापुढे एचटीटीपीएसही लुळे पडते, कारण चोरी बोलणे गुप्त होण्याआधीच झालेली असते. आपला फोन आणि स्थानकाचे वायफाय हे परक्या संगणकापेक्षा कितीतरी बरे.

व्हीपीएनविषयी विचारले जाते म्हणून दोन शब्द. व्हीपीएन आपले सर्व बोलणे आणखी एका नळीतून दूरच्या एका यंत्रापर्यंत नेते. त्यामुळे वायफायच्या मालकाला आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो हेही कळत नाही (एरवी संकेतस्थळाचे नाव त्याला कळू शकते, आतील मजकूर नाही). परंतु नळीच्या दुसऱ्या टोकाला बसलेली कंपनी ते सारे पाहू शकते. स्थानकावरचा विश्वास तुम्ही तिच्यावर ठेवला, एवढेच. फुकट व्हीपीएनच्या जाहिराती पाहताना, ही कंपनी जेवते कोठून, असा प्रश्न स्वतःला अवश्य विचारावा.

पैशांच्या व्यवहाराविषयी मात्र लोक उगाच जास्त भितात, असे मला वाटते. यूपीआयचा पिन फोनमध्येच गुप्त भाषेत बांधला जातो व मगच बाहेर पडतो, शिवाय ते ॲप आपल्या सिमकार्डाशी आणि फोनशी जखडलेले असते. केवळ वायफाय टिपून तो कोणाला मिळत नाही. बँकेचे काम ब्राउझरमध्ये पत्ता शोधून करण्यापेक्षा बँकेच्या अधिकृत ॲपमधून करावे, कारण खरे-खोटे यंत्र ओळखण्याचे काम ते आपल्या वतीने करते. तरीही मी स्वतः पैसे पाठविताना वायफाय बंद करून मोबाईलचा डेटा वापरते. तेवढ्याला डेटा फारसा लागत नाही. मोठमोठी कागदपत्रे आणि व्याख्यानांच्या चित्रफिती यांसाठीच वायफाय लागते.

बाकी मी करते त्या गोष्टी साध्याच आहेत. फोनमधील आपोआप जोडण्याची सोय बंद ठेवली आहे, आणि काम संपले, की ते नाव ‘विसरून जा’ असे फोनला सांगते. ईमेलला पासवर्डाखेरीज दुसरी खूणही लावून ठेवली आहे. शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळाचा पत्ता मी शोधत नाही. तो एकदा नीट तपासून खूण करून ठेवला आहे, तेथूनच उघडते. आणि ब्राउझरने कधी लाल अक्षरांत ‘ही जोडणी खासगी नाही’ असा इशारा दिला, तर ‘तरीही पुढे जा’ ही कळ दाबत नाही. वायफायच्या नोंदणीचे पान अजून उघडायचे राहिले असेल तर हा इशारा निष्कारणही दिसतो. अशा वेळी नोंदणी आधी पुरी करून पान पुन्हा उघडावे. तरीही इशारा येत असेल तर ते वायफाय सोडून द्यावे. करपल्लवीतील साथीदार सोंग आहे हे ओळखणारा तो एकच पहारेकरी आहे, आणि त्याला आपण घाईत बाजूला सारतो.

आमच्या प्रयोगानंतर ग्रंथपाल सरांनी वाचनकक्षाच्या दारावर एक चिठ्ठी लावली आहे. तीत महाविद्यालयाच्या वायफायचे नाव अक्षरशः जसेच्या तसे दिले आहे, नोंदणीच्या पानाचा पत्ता दिला आहे, आणि त्याखाली लाल शाईने लिहिले आहे, की हे पान हजेरीक्रमांक व मोबाईल क्रमांक यांखेरीज काहीही विचारीत नाही. आमच्या रेल्वेस्थानकाच्या फलाटावर असा फलक मला दिसला नाही. तो लावावा म्हणून रोज गाडीने येणाऱ्या आम्ही सतरा विद्यार्थ्यांनी सह्यांचा अर्ज दिला आहे. त्याची पोच मिळाली आहे.